नाक चोंदते तेव्हा

मराठी भाषेने नाकाचा जेवढा मान राखला आहे, तेवढा दुसऱ्या एखाद्या अवयवाचा क्वचितच राखला असेल. अब्रू गेली की नाक कापले जाते, सोवळेपणाचा तोरा मिरवणारा नाकाने कांदे सोलतो आणि संकटात सापडलेल्याच्या नाकी नऊ येतात. परंतु या सगळ्या इभ्रतीचा फडशा पाडायला एक साधे पडसे पुरेसे होते. भरसभेत बोलण्याची सवय असलेला भारदस्त गृहस्थ सकाळी उठून "माझे नाक" असे म्हणू जातो आणि तोंडातून "बाझे दाक" असे काहीतरी बाहेर पडते. त्याच क्षणी घरातल्या प्रत्येकाच्या अंगी धन्वंतरी संचारतो. कोणी वेखंड उगाळायला बसते, कोणी गवती चहा आणि आले उकळत ठेवते, कोणी ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी बांधते, आणि ज्याला यांपैकी काहीच येत नाही, तो निदान "रात्री केळे खाल्लेस ना, मग भोग आता!" एवढे तरी सुनावून जातो.

श्रोतेहो, या घरगुती उपायांकडे पाहणारे दोन पक्ष आपल्याकडे आहेत. एकाच्या मते आजीबाईच्या बटव्यात जगातल्या सर्व रोगांची औषधे आहेत. दुसऱ्याच्या मते त्या बटव्यात भाबडेपणाखेरीज काही नाही. "गुण येतो की नाही?" एवढाच प्रश्न दोघेही विचारतात, गुण म्हणजे काय, हे विचारायचे मात्र दोघेही विसरतात. रोग बरा होणे ही एक गोष्ट आहे आणि रोग्याला आराम पडणे ही दुसरी. चोंदलेल्या नाकाच्या बाबतीत घरगुती उपायांची सारी थोरवी आणि सारा धोका या दोहोंमधल्या अंतरात साठवलेला आहे.

नाक चोंदते म्हणजे नेमके काय होते? आपली समजूत अशी की, आत शेंबूड साचला म्हणून वाट बंद झाली. ही समजूत निम्मीच खरी आहे. नाकाच्या आतील भिंतींवर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ वळकट्या असतात. सर्दीत त्या रक्ताने फुगतात आणि वाट अडवतात. म्हणूनच कितीही जोराने नाक शिंकरले तरी ते मोकळे होत नाही, उलट कान मात्र दुखू लागतात. निरोगी माणसाच्यादेखील दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत. काही तासांच्या अंतराने एक मोकळी होते, दुसरी किंचित मिटते. आपल्या स्वरशास्त्राने इडा-पिंगलेच्या भाषेत या फेरपालटाचा विचार केला होता, आणि १८९५ साली जर्मन वैद्य कायझर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

नाकाच्या आसपास हाडांमध्ये हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत : गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मुळामागे खोलवर. यांनाच सायनस म्हणतात. "मला सायनस आहे" असे लोक सांगतात तेव्हा गंमत वाटते. कारण सायनस प्रत्येकालाच असतात, ते सुजले म्हणजे आपल्याला त्यांची ओळख पटते, इतकेच. त्यांतही गालातल्या पोकळीची रचना मोठी अडचणीची आहे. तळाला तोटी नसून काठाशी भोक असलेल्या रांजणासारखी ती असते. आतला द्रव अतिसूक्ष्म केसांच्या हालचालीने वर चढवून त्या भोकातून नाकात ढकलावा लागतो. सूज आली की भोक बुजते, द्रव साचतो, गाल जड होतात आणि खाली वाकले की कपाळ ठणकू लागते. आयुर्वेदाने प्रतिश्याय आणि पीनस अशी नावे देऊन या विकारांचा विचार केला आहे, आणि वाग्भटाने नस्याचे विवेचन करताना नाकाला मस्तकाचा दरवाजाच मानले आहे.

आता उपायांकडे वळू. बदल्यांच्या निमित्ताने देशभर पांगलेल्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट सहज जाणवते : पडशाचे औषध प्रत्येक प्रांतात निराळे आहे आणि तरीही एकच आहे. कोकणात कुळथाचे कढण, गुजरातेत सुंठ, गूळ आणि तूप यांची गोळी, तमिळनाडूत मिऱ्याचे रसम्, केरळात सुंठीची कॉफी, पंजाबात दुधातला पातळ बेसनाचा शिरा, दिल्ली-हैदराबादेकडे ज्येष्ठमध घातलेला युनानी जोशांदा. आपला ओवा बंगालमध्ये गेला की त्याची जागा कलौंजी घेते. पुरचुंडी मात्र तीच राहते. या सगळ्यांत बहुधा तीन गुण समान आहेत. पदार्थ उष्ण असावा, पातळ असावा आणि वासाला किंवा चवीला उग्र असावा.

यांपैकी उष्ण आणि पातळ या दोन गुणांची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतली आहे. १९७८ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी निरोगी माणसांना गरम पाणी, थंड पाणी आणि कोंबडीचे गरम सूप पाजून नाकातला द्रव किती वेगाने सरकतो ते मोजले. गरम पाणी घोट घोट प्याल्यावर तो वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ वर गेला, सुपाने ६.९ वरून ९.२ वर गेला. थंड पाण्याने मात्र तो घटला. पण याच प्रयोगाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. अर्ध्या तासात वाढलेला वेग पुन्हा पूर्ववत झाला. पुढे २००८ साली वेल्समधील कार्डिफ येथे सर्दी झालेल्या तीस जणांवर असाच प्रयोग झाला. गरम पेयाने नाकातून जाणारी हवा वाढली नाही. पण घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवा यांना आराम पडला, आणि तेच पेय कोमट न करता दिले तेव्हा हा आराम पडला नाही. म्हणजे गरम काढ्याने नाक फारसे उघडत नाही, पण माणसाला बरे वाटते. हा आराम खोटा नव्हे. जो रोग आठ-दहा दिवसांत आपल्या पायांनी निघून जाणार आहे, त्याला घालवण्याची घाई कशाला करायची? तो असेपर्यंतचे दिवस सुसह्य झाले, तर तेवढे पुष्कळ झाले.

तिसरा गुण उग्र वासाचा. ओवा, निलगिरी, पुदिन्याचा अर्क, कापूर आणि त्यांच्याच कुळातले मलम. १८९३ साली नागेश्वरराव पंतुलू यांनी मुंबईत सुरू केलेले अमृतांजन कितीतरी घरांच्या कपाळाला लागले आहे. पुदिन्यातील मेंथॉल नाकातल्या गारवा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि भरपूर हवा आत जात असल्याचा भास होतो. मोजून पाहिले तर वाट तेवढीच अरुंद असते. झोप येण्यापुरता हा भासही उपयोगाचा आहे. परंतु हाच कापूर तान्ह्या मुलाच्या नाकाशी नेणे किंवा त्याच्या तोंडात जाऊ देणे घातक आहे. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

मग येते वाफ. २०२० आणि २०२१ साली कोविडच्या साथीत साऱ्या देशाने डोक्यावर टॉवेल घेतला होता आणि वाफेने विषाणू मरतो अशी बातमी घरोघर फिरत होती. वाफेने विषाणू मरत नाही. जेवढ्या उष्णतेने तो मरेल, तेवढ्या उष्णतेने आधी नाकाची आतली त्वचा होरपळेल. त्या काळात उकळते पातेले अंगावर उलटून मुले भाजल्याच्या घटना अनेक देशांत वाढल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात सायनसचा जुना त्रास असलेल्या ८७१ रुग्णांना वाफ आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे उपाय सुचवण्यात आले. वाफेने डोकेदुखी काहीशी हलकी झाली, बाकी विशेष फरक पडला नाही. नाक धुणाऱ्यांना मात्र सहा महिन्यांनी थोडा, पण निश्चित फायदा दिसला. तेव्हा मोठ्या माणसाने वाफ घ्यायला हरकत नाही. पातेले मांडीवर किंवा अंथरुणावर न घेता स्थिर जागी ठेवावे, चेहरा दूर राखावा आणि लहान मुलांना या खेळात घेऊ नये. त्यांच्यासाठी गरम पाण्याची आंघोळ पुरे.

मिठाच्या पाण्याचा हा उपाय आपल्या परिचयाचा आहे. हठयोगप्रदीपिकेत आणि घेरंडसंहितेत षट्कर्मांमध्ये नेती सांगितली आहे; ती सुताची. पाण्याची ती जलनेती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. तेव्हापासून अशा क्रिया मठांच्या बाहेर येऊन सामान्य घरांत पोचू लागल्या. जलनेतीचे प्रमाण सोपे आहे : लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड सपाट लहान चमचा मीठ. एवढे मीठ असले म्हणजे पाणी नाकाला झोंबत नाही. परंतु येथे एक अट आहे आणि ती मोडता येत नाही. पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळलेले आणि मग कोमट केलेले असावे. नळाचे पाणी नको, विहिरीचे नको, साध्या गाळणीतून गाळलेलेही नको. अशा पाण्यात क्वचित एक अमीबा असतो. पोटात गेला तर तो काही करीत नाही, पण नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि बहुधा प्राण घेतो. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असाच मृत्यू झाला. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे जे रुग्ण आढळले, त्यांमुळे हा धोका आपल्या दारापासूनही दूर नाही हे कळून आले.

तान्ह्या मुलांविषयी अधिक सांभाळून बोलले पाहिजे, कारण त्यांना नाक चोंदले की दूधही पिता येत नाही आणि घरातला धीर सुटतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणावर, चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, अशी सूचना छापण्यास सांगितले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले. अशा वेळी घरगुती उपायांचे मोल वाढते, पण तेही निवडून घ्यावे लागतात. नाकात तयार मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे दोन थेंब, वरचेवर अंगावरचे दूध आणि उबदार कुशी एवढे तान्ह्याला पुरते. नाकात तेल-तूप घालू नये, कारण ते फुप्फुसात उतरू शकते. आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध बोटभरही चाटवू नये, कारण त्यातून क्वचित स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होते.

औषधाच्या दुकानातून आणलेले नाकात घालायचे थेंबही आता घरगुती उपायच बनले आहेत. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मिनिटांत नाक उघडतात. या उपायाचा गुण इतका झटपट येतो की त्याचे व्यसन लागते. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते वापरले तर औषध उतरताच सूज दुणावते, आणि मग नाक सर्दीने नव्हे तर औषधानेच चोंदू लागते.

शेवटी, थांबायचे कोठे? हिरवा-पिवळा शेंबूड हे भिण्याचे कारण नव्हे. साध्या सर्दीतही तो होतो आणि तेवढ्यावर प्रतिजैविके मागू नयेत. पण दहा दिवसांत काहीच उतार पडला नाही, बरे वाटू लागून पुन्हा ताप आणि दुखणे उलटले, किंवा सलग तीन-चार दिवस तीव्र ताप आणि चेहऱ्याला ठणका राहिला, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, मान ताठ झाली, तर दहा दिवस काय, दहा तासही थांबू नये. मधुमेह्यांनी तर विशेष जपावे. २०२१ साली कोविडमागोमाग आलेल्या काळ्या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रात आणि गुजरातेत कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले. त्याची सुरुवात पुष्कळदा चोंदलेल्या नाकाने आणि बधिर झालेल्या गालानेच होत होती. तेथे काढा आणि वाफ यांत गेलेला एकेक दिवस महागात पडणारा होता.

पूर्वी घरातल्या जाणत्या बाईच्या हाताला या उपायांचे माप ठाऊक असे, आणि आता घरचे काम संपले, हे ती डोळ्यांनी पारखत असे. आज उपाय क्षणार्धात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतात; ते माप आणि ती पारख मागेच राहते. दूरच्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना आपण काढ्याची कृती कळवतो, तेव्हा त्याच्याबरोबर या मर्यादाही कळवणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. आले-गवती चहाचा काढा अवश्य उकळावा, आजाऱ्याच्या उशाशी दोन घटका बसावेही. मात्र काढा उकळताना दिवस मोजत राहावेत.