आधी माणूस विचारा, मग गोळी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही तिघी वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाया. भाषणाची आम्हांला सवय नाही. पण डिमेन्शिया, म्हणजे आपल्या वस्तीत ज्याला म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेतात, त्या स्मृतिभ्रंशाच्या आजाराविषयी बोला असे मंडळाने सांगितले, म्हणून उभ्या आहोत.

आमच्याकडे एक आजी होत्या. आंघोळीला न्यायचे म्हटले की आरडाओरडा, ओचकारणे. एकदा तर चावल्या. दोघींनी हात धरायचे, तिसरीने शॉवर सोडायचा, असा आमचा रिवाज. 'मारकुट्या आहेत' असे वहीत लिहिले गेले. आम्हीच लिहिले. मग शांत राहण्याची गोळी सुरू झाली. आजी शांत झाल्या, म्हणजे दिवसभर खुर्चीत लाळ गाळीत बसू लागल्या. एके रात्री पडल्या.

या गोळ्या मूळच्या मनोविकारावरच्या. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली नव्या गोळ्यांवर आणि २००८ साली जुन्यांवरही छापायला लावला. ब्रिटनमध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांनी २००९ साली सरकारला अहवाल दिला. तिथे अशा सुमारे १,८०,००० रुग्णांना या गोळ्या दिल्या जात होत्या. फायदा होणारे जेमतेम ३६,०००, आणि वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू!

पुढे आजींची भाची भेटायला आली. ती म्हणाली, "आत्यानं जन्मभर बादली-तांब्यानंच आंघोळ केली. वरून पाणी पडलं की तिचा जीव घुसमटतो."

एवढेच होते हो ते. दुसऱ्या दिवशी आमच्यातली एकटीच गेली. स्टूल, कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल, आणि तांब्या आजींच्याच हातात. कुरकुरल्या, पण हात उगारला नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये याचाच अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. माणसाच्या कलाने आंघोळ घातली, किंवा बिछान्यातच उबदार ओल्या टॉवेलने अंग पुसले, तर मारझोड निम्म्याहून कमी झाली.

दुसरे, दुखणे. ज्याला बोलता येत नाही त्याचा गुडघा ठणकला तर तो ओरडणारच. नॉर्वेत ३५२ रहिवाशांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दुखण्यावर पायरीपायरीने, साध्या पॅरासिटामॉलपासून, उपचार केले तेव्हा चिडचिड उतरली. म्हणून आम्ही आता आधी पोट साफ आहे का, लघवीला जळजळ आहे का, चष्मा कुठे गेला, कानाचे यंत्र चालू आहे का, हे बघतो.

"मला घरी जायचंय, पोरं शाळेतून येतील," असे कुणी म्हणाले तर पूर्वी आम्ही वाद घालायचो. आता विचारतो, "पोरांना काय करून घालता?" पुष्कळदा त्यातच पाऊण तास जातो. दर वेळी जमतेच असे नाही, खोटे कशाला सांगू? मूळ आजार याने बरा होत नाही. आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारूनच ती हळूहळू कमी करायची असते.

आश्रमात माणूस ठेवताना घरचे रेशनकार्डापासून सगळे कागद आणतात. सोबत एक पान आणखी द्या. कोणते काम केले, कोणत्या नावाने हाक मारायचे, चहात साखर किती, झोप कुठल्या कुशीवर, भीती कशाची. लिहिता येत नसेल तर आम्हांला सांगा, आम्ही लिहून घेऊ.

जयभीम!