एन्झाइमची आवड बदलता येते?

मी डोंबिवलीत राहतो, कल्याणला रसायनशास्त्र शिकवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता, आठवतंय ना? दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, औषधं हवीत तर हे सोसायलाच हवं का?" आजचा भाग त्या प्रश्नासाठी.

ॲमॉक्सिसिलिनचंच बघा. बुरशी आपल्याला पेनिसिलिन-जी देते. त्याची शेपटी तोडली की ६-एपीए हा गाभा उरतो. त्याला नवी शेपटी जोडली की ॲमॉक्सिसिलिन तयार. पूर्वी ही शेपटी तोडायला फॉस्फरस पेंटाक्लोराइड, क्लोरीनयुक्त द्रावकं आणि उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागायची. पेनिसिलिन ॲसिलेज हे एन्झाइम तेच काम पाण्यात, कोमट तापमानाला करतं.

अडचण एकच. एन्झाइम भारी चोखंदळ! सेफॅलोस्पोरिन-सीची शेपटी वेगळी असते. ती तोडायला जवळचं एन्झाइम म्हणजे ग्लुटारिल ॲसिलेज, पण त्यालाही ती शेपटी जशीच्या तशी फारशी रुचत नाही. म्हणून आधी दुसऱ्या एन्झाइमने तिचं रूप बदलायचं, मग तोडायची. दोन टप्पे.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? शेपटी जिथे बसते तो एन्झाइमचा खिसा बघितला आणि त्यातली मोजकी अमिनो आम्लं बदलली. आता एका टप्प्यात काम होतं.

खिसा बघायचं काम आपल्या पुण्यातही झालंय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या साथीने १९९९ मध्ये पेनिसिलिन-व्ही ॲसिलेजची रचना प्रसिद्ध केली. पुढे २००६ मध्ये दिसलं, की आतड्यातल्या जिवाणूंचं पित्तक्षार तोडणारं एन्झाइम याच घराण्यातलं आहे. सांगाडा एक, आवड वेगळी!

अर्थात, खिसा बदलला की कधी वेग मंदावतो, कधी एन्झाइम लवकर बिघडतं. म्हणून शेकडो बदल करून बघावे लागतात.

तर त्या मुलीला माझं उत्तर: एन्झाइममुळे डोंबिवलीची हवा रातोरात सुधारणार नाही. इथे रंगही बनतात, आणि एन्झाइमच्या कारखान्याचंही सांडपाणी असतंच, ते शुद्ध करावंच लागतं. पण "औषध हवं तर वास सोसा" हा काही रसायनशास्त्राचा नियम नाही. ती आपण केलेली निवड आहे, आणि निवड बदलता येते.

भेटू पुढच्या भागात.