कॉलेजचा खेळाडू, शाळेचा मास्तर



आम्ही अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलसशेजारच्या अर्विंग शहरी राहतो. वर्धापनदिनी आम्हीही दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची इच्छा होती. तिकडे आपली चार कुटुंबे जमली की ज्यावर हमखास वाद होतो, तोच विषय मांडतो. कॉलेजात टेनिस गाजवलेल्या मुलाने किंवा मुलीने पुढे हायस्कुलात प्रशिक्षक व्हावे काय? आपल्याकडचा पहिला उद्गार ठरलेला असतो : "एवढे शिकून पी.टी. मास्तर?"

तिकडचा प्रकार निराळा आहे, तो आधी सांगतो. टेक्सासच्या सरकारी शाळांतील प्रशिक्षक हा सामान्यतः पूर्णवेळ शिक्षकच असतो. सकाळी बीजगणित किंवा इतिहास शिकवायचा आणि मग रॅकेट घेऊन कोर्टावर जायचे. पगार शिक्षकाचा, वर खेळाचा भत्ता. पुष्कळांना तर शाळेची बस चालवण्याचा परवानाही काढावा लागतो! ऑगस्टात पारा 38 अंशांवर असताना सांघिक हंगाम सुरू होतो. एकेरी-दुहेरीच्या वैयक्तिक स्पर्धा वसंत ऋतूत होतात.

या स्पर्धा 1910 साली स्थापन झालेली युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग ही संस्था भरवते. अर्विंग, मॅकआर्थर आणि निमिट्झ ही आमच्या शहरातील मोठी सरकारी हायस्कुले. अशा शाळांच्या सांघिक सामन्यात एकूण 19 लढती असतात : मुलांच्या सहा एकेरी व तीन दुहेरी, मुलींच्या तितक्याच आणि एक मिश्र दुहेरी. जो संघ 10 लढती जिंकेल तो विजयी. पहिल्या क्रमांकाच्या मुलाने जिंकलेल्या लढतीचा गुण एक, आणि गेल्या वर्षी प्रथमच रॅकेट हाती धरलेल्या सहाव्या क्रमांकाच्या मुलीचाही एकच. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला बाहेर खाजगी अकादमी असते, बापाचा पैसा असतो. त्या सहाव्या मुलीला शाळेच्या मास्तरांवाचून कोणी नसते. आमच्या मते प्रशिक्षकाची खरी परीक्षा तिच्या कोर्टावर होते.

कॉलेजातून आलेल्या खेळाडूला हे लवकर उमगते, कारण तो स्वतः तसल्याच रांगेतून गेलेला असतो. तिथे सहा एकेरी आणि तीन दुहेरी. तिन्ही दुहेरी मिळून एकच गुण, म्हणजे एकूण सात. पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला 2024-25 पर्यंत फक्त साडेचार शिष्यवृत्त्या देता येत, त्याही तुकडे करून वाटायच्या. महिला संघाला आठ. त्यासाठी देशोदेशीची मुले झगडतात. पदवीनंतर व्यावसायिक टेनिसवर पोट भरणारे मोजकेच. मग उरलेल्यांनी रॅकेट माळ्यावर टाकायची काय?

मुंबईकरांना आचरेकर सरांची आठवण करून द्यायला नको. रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले, नोकरी स्टेट बँकेत केली आणि शाळकरी पोरांना घडवत राहिले. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने 664 धावांची अभंग भागी केली, ती त्यांचीच मुले. सरांना 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपण त्यांना कधी नुसते पी.टी. मास्तर म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट आईबापांच्या कानावर घालावीशी वाटते. टेक्सासात 1984 सालापासून कायदा आहे : विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले की ठराविक मुदतीपर्यंत सामना खेळता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षकाला मुलांच्या बॅकहँडइतकेच रसायनशास्त्राच्या गुणांकडेही लक्ष ठेवावे लागते. सहामाहीत गडगडलेल्या मुलाला पुस्तकासह बाकावर बसवून ठेवणारा मास्तर आम्ही तिथे पाहिला आहे. ते पोर चिडले होते खरे, पण धडा वाचत होते.

पगाराचा प्रश्न राहतोच, तो आम्ही झाकत नाही. सॉफ्टवेअरवाल्या चुलत भावाची मोटार मोठी असणार, आणि प्रत्येक सणाला ती दिसणार. ज्या घरातून हा मार्ग धरायचा, त्या घराने हे आधी बोलून घ्यावे, लग्न जमवतानाही.

आपल्यापैकी ज्यांची नातवंडे तिकडे शाळेत आहेत त्यांनी पुढच्या खेपेला सप्टेंबर-ऑक्टोबरात यावे आणि एखादा सांघिक सामना पाहावा. शेवटच्या कोर्टाजवळची खुर्ची धरा, तिथे गर्दी नसते. टोपी आणि पाणी मात्र बरोबर घ्या; 19 लढती संपता संपत नाहीत.