मेरूच्या ओळी मोजताना

जावास्क्रिप्टमधल्या द्विमिती ॲरेत एखाद्या ओळीची लांबी कशी काढायची, हा आजचा विषय. उत्तर छोटं आहे: ती ओळ हातात घ्यायची आणि तिची लेंग्थ वाचायची. मग त्यासाठी व्याख्यान कशाला? कारण या उत्तराच्या मुळाशी भाषेच्या घडणीतला एक निर्णय आहे. तो लक्षात न घेता लिहिलेला प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि चुकीची उत्तरं देतो.

उदाहरण आपल्याच परंपरेतलं घेऊ. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधानं दहाव्या शतकात ‘मृतसंजीवनी’ ही टीका लिहिली आणि तीत मेरुप्रस्तार उलगडून दाखवला. वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन. कडेच्या घरांत १ आणि आतल्या प्रत्येक घरात त्याच्या वरच्या दोन घरांची बेरीज. पाचवी ओळ येते १, ४, ६, ४, १. म्हणजे चार अक्षरांच्या चरणात एकही गुरू नसलेली रचना एक, एक गुरू असलेल्या चार, दोन गुरू असलेल्या सहा. शाळेत आपण हाच पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकतो.

या पाच ओळी जावास्क्रिप्टमध्ये ‘मेरू’ या नावाच्या ॲरेत ठेवू. व्हेरिएबलचं नाव देवनागरीत दिलेलं या भाषेला चालतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लेंग्थ हा मात्र भाषेचा स्वतःचा शब्द, तो रोमन लिपीतच टाइप करावा लागतो. आता मेरूची लेंग्थ किती? पाच. ही ओळींची संख्या झाली. मेरू[०] ची लेंग्थ एक, मेरू[४] ची पाच. आणि स्तंभ किती? हा प्रश्न भाषेला विचारताच येत नाही, कारण तिच्याकडे कोष्टक नावाची वस्तूच नाही. बाहेरच्या ॲरेत पाच संदर्भ आहेत, प्रत्येक संदर्भ एका स्वतंत्र ॲरेकडे नेतो आणि प्रत्येकाची लांबी त्याची त्याच्यापाशी.

सगळ्या भाषा अशा नाहीत. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये फोरट्रान तयार केली. तिच्यात ॲरेचं माप आधी जाहीर करावं लागे आणि सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या असत. कोष्टक म्हणजे स्मृतीतला एक सलग पट्टा. गणिती आकडेमोडीसाठी ते योग्यच होतं. ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट घडवली ती वेब पानांसाठी, आणि तिच्या ॲरेला आधी माप द्यावंच लागत नाही.

आता मेरूतल्या सगळ्या संख्यांची बेरीज करू. पुष्कळ जण आतल्या लूपची मर्यादा मेरू[०] च्या लेंग्थवर ठेवतात, कारण पहिली ओळ म्हणजे कोष्टकाची रुंदी ही सवय. इथे ती लांबी एक. प्रत्येक ओळीतली पहिली संख्या तेवढी वाचली जाते आणि बेरीज येते ५. दुसरा कोणी मर्यादा मेरूच्याच लेंग्थवर ठेवतो, म्हणजे पाच गुणिले पाच, पंचवीस घरं. त्यातल्या दहा घरांत काहीच नाही. तिथे जावा तत्काळ अपवाद फेकते. जावास्क्रिप्ट मात्र ‘अनडिफाइन्ड’ देऊन पुढे जाते. संख्येत अनडिफाइन्ड मिळवलं की ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’, होतं आणि एकदा नॅन झालेली बेरीज पुन्हा संख्या होत नाही. तिसरी मर्यादा, मेरू[i] ची लेंग्थ — इथे आय म्हणजे सध्याच्या ओळीचा क्रमांक — आणि उत्तर ३१. तीनही लूप दिसायला जवळपास सारखेच, आणि एकातही एरर येत नाही. मला सर्वांत धोकादायक वाटतो तो ५ देणारा लूप. नॅन निदान डोळ्यांत भरतं, पाच हा आकडा कोणाच्या मनात शंकासुद्धा येऊ देत नाही.

सर्वांत लांब ओळ हवी असेल तर प्रत्येक ओळीची लेंग्थ मॅपने गोळा करून मॅथ.मॅक्सला द्यावी. ॲरे पूर्ण रिकामा असला तर उत्तर उणे अनंत येतं, म्हणून शून्यापासून सुरू होणारा रिड्यूस मला अधिक भरवशाचा वाटतो. रिकाम्या ॲरेत मेरू[०] ची लेंग्थ थेट विचारली तर मात्र टाइपएरर येते. २०२० पासून भाषेत असलेलं प्रश्नचिन्ह आणि टिंब ती टाळतं.

लेंग्थ म्हणजे भरलेल्या घरांची मोजणी नव्हे, हेही ध्यानात घ्या. ती सर्वांत मोठ्या इंडेक्सपेक्षा किमान एकाने जास्त असते. मेरू[७] मध्ये ओळ ठेवली की मेरूची लेंग्थ आठ होते. पाच आणि सहा या जागा मोकळ्याच राहतात. शिवाय लेंग्थ मजकुरालाही असते. ओळीच्या जागी ‘क्षेत्र’ हा शब्द आला, तर उत्तर सात येईल, कारण व्यंजनं, हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. बाहेरून आलेली माहिती असेल, तर ॲरे.इझॲरेने ओळ तपासूनच पुढे जावं.

आणि कोष्टक बनवतानाच एक चूक शिरते, ती विद्यार्थ्यांनी विशेष टाळावी. पाच जागांचा ॲरे करून तो ‘फिल’ने रिकाम्या ॲरेने भरला, की पाच ओळी तयार झाल्या असं वाटतं. प्रत्यक्षात पाचही जागा एकाच ओळीकडे बोट दाखवतात. पहिलीत एक संख्या घातली की पाचही ओळींची लेंग्थ एक होते. ॲरे.फ्रॉमला लांबी आणि नवी ओळ परत देणारं फंक्शन दिलं, तर प्रत्येक जागेसाठी ते फंक्शन पुन्हा चालतं आणि पाच वेगळ्या ओळी मिळतात.