पोटातला सोडा

गटाच्या बैठकीत एखादी तरी म्हणतेच, "ताई, पित्त झालंय, सोडा घेऊन आले." आज बोलायचंय ते आपलं शरीर स्वतःच तयार करतं त्या सोड्याबद्दल.

जठराच्या मागे आडवं, वीतभराहून थोडं लहान असं स्वादुपिंड असतं. इन्सुलिन तिथं तयार होतं, हे शुगरचा पेशंट असलेल्या घरात माहीत असतं. त्याचं दुसरं काम मात्र कुणी सांगत नाही. रोज साधारण दीड लिटर पाचकरस ते लहान आतड्यात सोडतं. त्यात बायकार्बोनेट असतं, म्हणजे खाण्याच्या सोड्यात असतं तेच.

जठरातून आलेलं आंबट अन्न आतड्याच्या सुरुवातीला लागलं, की तिथल्या पेशी सिक्रेटिन नावाचं रसायन रक्तात सोडतात. ते फिरत फिरत स्वादुपिंडाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतं आणि सोड्याचं पाणी वाहू लागतं. आंबटपणा शमला, की निरोपही थांबतो. तूप, तेल, डाळ पोटात गेली तर आणखी एक रसायन सुटतं. त्याचं नाव भलतंच अवघड आहे, ते राहू द्या. त्यामुळं अन्न पचवणारी विकरं येतात आणि पित्ताशय आकसून पित्त सोडतं.

हे सगळं मज्जातंतूच घडवतात, असं पूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. 16 जानेवारी 1902 रोजी लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या मेव्हण्यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या राखल्या. तिथं आम्ल घातलं, तरी स्वादुपिंडाचा रस वाहिलाच! मग आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लात वाटून गाळलं आणि ते पाणी रक्तात टोचलं. पुन्हा रस वाहिला. अशा निरोप्या रसायनांना 1905 मध्ये स्टार्लिंगनी 'हार्मोन' हा शब्द वापरला. बिचाऱ्या कुत्र्याचं नाव कुठं नाही.

आता महत्त्वाचं. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारू फार झाली, तर ही विकरं स्वादुपिंडालाच पचवू लागतात. वरच्या पोटात असह्य कळ येते, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. याला पित्त म्हणू नका, सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. रक्ताच्या तपासणीत आणि सोनोग्राफीत बरंच कळतं. "भाकऱ्या उरकते, मग जाते" हेही नको. आणि पैशाची अडचण असेल तर अध्यक्षांना रात्री उठवा. आमच्या गटात दवाखान्यासाठीचं कर्ज बैठकीपर्यंत थांबवत नाहीत.