मोत्याचे पाणी, मोराचे पीस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा कोणता विषय घ्यावा, असा मला प्रश्न पडला. मी काही विदुषी नाही. परंतु एक प्रश्न पुष्कळ वर्षे माझ्याबरोबर आहे आणि त्याचे उत्तर मला पुस्तकांतून थोडे थोडे करून मिळत गेले. ते आज आपल्यापुढे ठेवते.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या संक्रांतीची गोष्ट. हळदीकुंकवासाठी सासूबाईंनी आपली मोत्यांची नथ मला काढून दिली. त्यांच्या सासूबाईंकडून त्यांच्याकडे आलेली ती नथ. सोने जरा मळलेले दिसत होते. सकाळीच मी चिंचेने तांब्या-पितळेची भांडी लख्ख केली होती. त्याच चिंचेच्या कोळात मी ती नथही टाकली आणि दुसऱ्या कामात गुंतले. बऱ्याच वेळाने आठवण होऊन बाहेर काढली, तेव्हा सोने चकाकत होते, पण मोती मात्र खडूसारखे पांढरेफटक दिसत होते. सासूबाई रागावल्या नाहीत. नथ उजेडाकडे धरून त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, मोत्यांचं पाणी गेलं." त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

पुढे मनात आले, पाणी गेले म्हणजे नेमके काय गेले? मोती तर तेवढेच होते. एकही फुटला नव्हता. मग त्यांच्यातले असे काय गेले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोत्यापासून नव्हे, तर साबणाच्या फेसापासून निघावे लागते. साबणाचे पाणी पांढुरके, हवेला तर रंगच नाही. तरीही फुग्यावर तांबडे, हिरवे, जांभळे रंग खेळतात. घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगते. काचेची बांगडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवा आणि उभी धरा. बांगडीत पाण्याचा पातळ पडदा धरेल. पाणी खाली ओघळू लागले की पडदा वरून पातळ होत जातो आणि त्यावर रंगांचे आडवे पट्टे उमटून खाली सरकू लागतात. शेवटी वरचा भाग इतका पातळ होतो की तिथे रंगच राहत नाही, काळोखी येते, आणि पडदा फुटतो. म्हणजे रंग साबणात नव्हता. तो पडद्याच्या जाडीत होता.

हे कसे होते? प्रकाश लाटांनी चालतो. तांबड्या प्रकाशाच्या लाटा लांब असतात; एका मिलिमीटरमध्ये सुमारे दीड हजार मावतात. निळ्याच्या आखूड असतात. तेवढ्याच जागेत सुमारे २,२०० बसतात. पातळ पडद्यावर उजेड पडला की त्याचा थोडा भाग वरच्या पृष्ठभागावरून परततो आणि थोडा आत जाऊन खालच्या पृष्ठभागावरून परततो. या दुसऱ्या भागाला वाट थोडी लांब पडते. आता जात्याची आठवण करा. एकाच खुंट्याला दोघी बसल्या आणि दोघींची ओढ एका लयीत पडली तर जाते भरभर फिरते. एकीने उलटी ओढ दिली की ते अडते. तसेच इथे आहे. परत आलेल्या दोन लाटांची लय जुळली तर तो रंग खुलतो. न जुळली तर मावळतो. पडद्याच्या जाडीप्रमाणे कधी हिरव्याची लय जुळते, कधी तांबड्याची. आपण तिरके पाहिले की वाटेची लांबी बदलते, म्हणून रंगही बदलतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग हेच. ही उपपत्ती १८०१ च्या सुमारास टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडली.

पैठणीची धूपछाव मात्र निराळी बरे का. तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की कधी हा दिसतो, कधी तो. तिथे रंग खरोखरच धाग्याला दिलेले असतात.

आता मोराकडे वळू. मोराचे पीस खलून निळा रंग काढता येईल असे लहानपणी मला वाटे. खलून पाहिले तर हाती तपकिरी काळसर भुकटी येते. तेच पीस दिव्यासमोर धरून पलीकडून येणारा उजेड पाहिला, तर निळाई जाऊन तपकिरी छटा दिसते. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६६५ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस पाहिले आणि ते पाण्याने भिजवले की रंग नाहीसे होतात, असे लिहून ठेवले. पिसात निळे द्रव्य असते, तर ते पाण्याने कसे नाहीसे होईल?

पिसाच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या असतात. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्य. या कांड्या जाळीसारख्या ओळीने मांडलेल्या असतात. शांघायच्या फुदान विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००३ साली या जाळीची मापे प्रसिद्ध केली. कांड्यांमधले अंतर सुमारे १४० नॅनोमीटर असेल तिथे निळा रंग, १५० असेल तिथे हिरवा आणि १६५ असेल तिथे पिवळा! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा फरकाने एकाच काळ्या द्रव्यातून मोराचा डोळा रंगतो. आपण रांगोळीचे ठिपके कितीही नेटके काढले तरी या हाताची सर यायची नाही.

आपल्या देशाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या रंगांचे विलक्षण वेड होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतरही त्यांनी शिंपले, पक्ष्यांची पिसे, ओपल आणि लॅब्रॅडोराइटसारखे रंग बदलणारे दगड, यांचा अभ्यास केला. आपल्याकडे अंगणात पडलेले पीस पोर उचलते, तर ते टाक म्हणून आपण ओरडतो. पुढच्या वेळी जरा थांबून पाहावे.

खनिजांमधले ओपल हे रत्न घ्या. त्याचे नाव संस्कृत 'उपल' शब्दावरून आले असे मानतात. त्यात हिरव्या-तांबड्या ठिणग्या दिसतात, पण ते बनलेले असते वाळूतल्याच सिलिका या द्रव्याचे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले की, त्याच्या आत सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे, डब्यात लाडू रचावेत तसे थरावर थर रचलेले असतात. गोळे एकसारखे आणि रचना नीट असेल तरच रंग. रचना विस्कळीत असेल तर दगड नुसता दुधाळ दिसतो. द्रव्य तेच, पण मांडणी निराळी!

म्हणूनच हे रंग विटत नाहीत. कापडाला दिलेला रंग उन्हाने उडतो, कारण रंगद्रव्य मोडते. इथे मोडायला रंगद्रव्यच नाही. एलेन टेरी या इंग्रज नटीने १८८८ साली लंडनला लेडी मॅकबेथची भूमिका केली, तेव्हा तिच्या झग्यावर चकचकीत हिरव्या किड्यांचे सुमारे हजार पंख टाकले होते. तो झगा आजही जपून ठेवलेला आहे आणि ते पंख अजून चमकतात. जर्मनीत मेसेल येथे तर सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या किड्यांचे अवशेष सापडले आहेत. त्यांच्याही पाठीवर निळी-हिरवी झाक शिल्लक आहे.

आता पुन्हा माझ्या नथीकडे येते. मोती आणि शिंपल्याची आतली बाजू ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. म्हणजे संगमरवर ज्याचा आणि अंड्याचे कवच ज्याचे, त्याच द्रव्याची. मग मोत्याला मोल कशाचे? तर रचनेचे. कालव त्या द्रव्याचे सुमारे अर्ध्या सहस्रांश मिलिमीटर जाडीचे पापुद्रे एकावर एक बसवते आणि मध्ये प्रथिनाचा पातळ लेप देते. उजेड या थरांतून आतबाहेर करतो, आणि आपल्याला मोती आतून उजळल्यासारखा दिसतो. तेच मोत्याचे पाणी. चिंचेतल्या आम्लाने माझ्या मोत्यांचे वरचे पापुद्रे खाल्ले. द्रव्य थोडेसेच गेले असेल, पण पृष्ठभाग खडबडीत झाला, मांडणी मोडली आणि पाणी गेले. जिवंत कालवाने थर मांडले होते. ते परत मांडणे कोणा सोनाराच्या हाती नाही.

तेव्हा भगिनींनो, मी चुकले, तुम्ही चुकू नका. मोत्यांना चिंच, लिंबू, व्हिनेगर कधीही लावू नये. सोडा किंवा दात घासण्याची पावडर यांनीही घासू नये. अत्तर, पावडर, तेल आधी लावावे आणि मोती शेवटी घालावेत. काढल्यावर मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसून, वाळवून, सुती कापडात वेगळे ठेवावेत. सोन्याच्या दागिन्यांत मोकळे टाकले तर चरे पडतात. आणि मोरपीस हवे असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस मोर स्वतःच पिसे झाडतो, तेच घ्यावे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला मारणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या पिसाचे सौंदर्य त्याचा जीव घेऊन आपल्या घरी आणू नये.

सासूबाईंनी ती नथ पुढेही मलाच दिली. "मोती निस्तेज झाले तरी नथ घरचीच आहे," असे त्या म्हणाल्या. आज मी तीच घालून आले आहे. नीट पाहिलेत तर एका मोत्यावर, आतल्या बाजूला जिथे चिंच कमी पोचली तिथे, अजून थोडे पाणी आहे.

आपले मंडळही असेच आहे, असे मला वाटते. आपण सगळ्या साध्याच बायका. कोणी पापड लाटते, कोणी भजन सांगते, कोणी हिशेब ठेवते. एकेकीला वेगळे पाहिले तर विशेष काही दिसणार नाही. थर जुळून बसले आहेत म्हणून मंडळाला पाणी आहे. ते जपायचे, तर कोणाच्याही बोलण्यात चिंच नको, एवढे सांगून मी आपली रजा घेते.