जुन्या पेठेचे नूतनीकरण : क्रॉयडनचा धडा



मोठ्या शहराच्या शेजारी वसलेल्या गावाला दोन चिंता नेहमी असतात. शहर आपल्याला गिळून टाकील ही एक, आणि शहर आपल्याला विसरून जाईल ही दुसरी. अशा गावातील माणसे सकाळची गाडी धरून कामाला जातात व रात्री झोपण्यापुरती परत येतात. तरीही ते गाव नुसती वसाहत न होता गाव म्हणून टिकते, ते त्याच्या मध्यावरील पेठेमुळे. भाजीबाजार, कापडाची दुकाने, शाळा, देऊळ अथवा चर्च, टपालकचेरी, स्टेशन ही सारी तेथे चालत जाण्याच्या अंतरावर एकत्र आलेली असतात, आणि माणसांची एकमेकांशी गाठ पडते ती तेथेच. ही पेठ जुनी झाली, तिचे रस्ते अपुरे पडू लागले, इमारती खिळखिळ्या झाल्या, म्हणजे तिचे नूतनीकरण कसे करावयाचे? लहानमोठ्या कोणत्याही गावाला आज ना उद्या हा प्रश्न सोडवावा लागतो. त्याचा विचार करताना लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्रॉयडन या उपनगराचा अनुभव फार बोधप्रद वाटतो. कारण या प्रश्नाची बहुतेक सर्व उत्तरे त्या एकाच गावात करून पाहण्यात आली आहेत.

क्रॉयडन मध्य लंडनपासून सुमारे दहा मैलांवर आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपांचा तेथे जुना वाडा होता, आणि त्यांच्याच आश्रयाने १२७६ साली तेथील बाजाराला सनद मिळाली. सरे स्ट्रीट नावाच्या उतरत्या गल्लीत तो बाजार शतकानुशतके भरत आला आहे. १८०३ साली घोड्यांनी ओढावयाची लोहमार्गाची गाडी तेथे आली, १८३९ साली वाफेची आगगाडी आली, आणि बाजाराचे गाव हळूहळू लंडनचे उपनगर बनले. १९२० पासून १९५९ पर्यंत तेथे विमानतळ होता; १९२९ साली लंडन-कराची या हवाई टपालसेवेचा आरंभ तेथूनच झाला. १९६५ साली क्रॉयडनचा समावेश बृहन्लंडनमध्ये झाला. २०२१ च्या शिरगणतीत या नगरविभागाची लोकसंख्या ३ लाख ९० हजारांवर भरली. म्हणजे नावाने उपनगर असले, तरी वस्तीने ते एक शहरच होय.

या पेठेच्या ऐन चौकात विटांची एक जुनी वास्तू आहे. जॉन व्हिटगिफ्ट या आर्चबिशपांनी १५९६ ते १५९९ या काळात वृद्ध व निराधार माणसांसाठी ती बांधविली. मध्ये अंगण आणि भोवती खोल्या अशी तिची साधी रचना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रहदारी वाढली आणि ही वास्तू रस्त्याच्या आड येते, असे नगरपालिकेला वाटू लागले. रस्तारुंदीसाठी ती पाडावी असा आग्रह वर्षानुवर्षे चालला. पाडण्याच्या विरुद्धही तितकाच आग्रह झाला. अखेर १९२३ साली प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि त्या सभागृहाच्या हस्तक्षेपामुळे वास्तू वाचली. ज्या रहदारीसाठी ती पाडावयाची होती, त्या रहदारीची साधने पुढे पुनःपुन्हा बदलली. १९५१ साली जुनी ट्राम बंद झाली, आणि २००० साली नवी ट्राम सुरू झाली, ती याच वास्तूच्या भिंतीलगत धावू लागली! रस्त्याची गरज दर पिढीला बदलते, परंतु पाडलेली वास्तू परत येत नाही, हा या कथेचा पहिला बोध.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र क्रॉयडनने निराळा मार्ग धरला. १९५६ साली खास कायदा करवून घेऊन नगरपालिकेने मध्यभागातील जमिनी सक्तीने खरेदी करण्याचा अधिकार मिळविला. लंडनमधील कचेऱ्यांनी बाहेर जावे, असे त्या काळी सरकारचेही धोरण होते. पुढील दहा-पंधरा वर्षांत कचेऱ्यांच्या उंच उंच इमारती उभ्या राहिल्या, प्रशस्त रस्ते झाले, भुयारी मार्ग व उड्डाणपूल झाले. १९६२ साली फेअरफील्ड हॉल्स हे संगीत व नाट्याचे मोठे सभागृह उघडले. भर पेठेत असलेली एक जुनी शाळा १९६५ साली बाहेर नेण्यात आली, आणि तिच्या जागेवर १९६८ ते १९७० च्या सुमारास व्हिटगिफ्ट सेंटर ही दुकानांची विस्तीर्ण पेठ उभी राहिली.

हे सारे व्यर्थ गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. हजारो माणसांना घराजवळ काम मिळाले, नगरपालिकेला कर मिळाला, दूरदूरची गिऱ्हाइके येऊ लागली. एक संपूर्ण पिढी या नव्या पेठेवर समाधानी होती. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव राहून गेली. मध्यभागाचा फार मोठा भाग केवळ दोन कामांसाठी बांधला गेला : कचेरी आणि खरेदी. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की तेथील रस्ते ओस पडत. शिवाय मोटारींसाठी केलेल्या रुंद रस्त्यामुळे स्टेशन एका बाजूला आणि बाजार दुसऱ्या बाजूला, अशी पेठेची फाळणी झाली. एका पिकावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच अशा पेठेची होते. ते पीक पिकेनासे झाले की शेतकरी उघडा पडतो. नेस्ले कंपनीची चोवीस मजली कचेरी १९६० च्या दशकातील या वैभवाची खूण मानली जात असे. ती कंपनी २०१२ साली क्रॉयडन सोडून गेली आणि तो मनोरा रिकामा झाला.

त्याच सुमारास इतरही आघात झाले. ऑगस्ट २०११ मधील दंगलीत १८६७ पासून चालत आलेले फर्निचरचे एक दुकान जळून खाक झाले. १८६२ साली स्थापन झालेले ॲल्डर्स हे प्रचंड दुकान २०१२ साली दिवाळखोरीत निघाले. गाव हवालदिल झाले असताना, २०१३ च्या आरंभी दोन बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक योजना मांडली. सुमारे एक अब्ज पौंड खर्चून व्हिटगिफ्ट सेंटर पाडावयाचे आणि त्या जागी नवे, झगझगीत बाजारसंकुल उभारावयाचे, अशी ती योजना होती. नगरपालिकेने तिचे स्वागत केले. २०१५ साली सक्तीच्या भूसंपादनास मंजुरी मिळाली. २०१७ साली सुधारलेल्या, अधिक मोठ्या आराखड्यालाही संमती मिळाली. संमती मिळत गेली. बांधकाम मात्र सुरू झाले नाही. दरम्यान माणसे घरबसल्या खरेदी करू लागली, मोठमोठी दुकाने देशभर बंद पडू लागली, युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडले, आणि २०२० साली कोरोनाची साथ आली. २०२३ साली एका भागीदाराने आपला हिस्सा दुसऱ्याला विकला. इतक्या वर्षांनी पुन्हा नवा आराखडा काढण्याची वेळ आली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. योजना फसली, एवढेच नुकसान झाले नाही. योजनेची वाट पाहण्यात जी वर्षे गेली, त्यांनीच खरे नुकसान केले. ज्या इमारतीवर पाडण्याची खूण पडली, तिचे छप्पर कोणता मालक दुरुस्त करील? ज्या जागेचा करार वर्षा-दोन वर्षांचाच मिळतो, तेथे कोणता दुकानदार नवी फळी बसवील? जागा जाणार हे ठरलेले असते. कधी जाणार, हे ठरलेले नसते. शहाणा व्यापारी अशा वेळी दुसरीकडे जातो. त्याच्यामागे गिऱ्हाईक जाते. मग रिकाम्या दुकानांकडे बोट दाखवून लोक म्हणतात, ‘पाहा, ही पेठ मेलीच होती, आता पाडणे हाच उपाय!’ वस्तुतः पाडण्याच्या घोषणेनेच तिचा अर्धा प्राण घेतलेला असतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये तर खुद्द नगरपालिकेवरच आर्थिक अरिष्ट आले. सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज डोक्यावर असताना, अनिवार्य सेवांखेरीज नवा खर्च बंद करीत असल्याचे तिला जाहीर करावे लागले. याचे कारण पेठेची ही योजना नव्हे. इतर व्यवहार व गुंतवणुकी त्याला कारणीभूत होत्या. परंतु खाजगी कंपनी थबकली आणि नगरपालिकेचा खजिना आटला, म्हणजे एका मोठ्या योजनेवर विसंबलेल्या गावाला दुसरा आधार उरत नाही, हे तेथे स्पष्ट दिसले. उलट ट्रामसारखी सुधारणा पाहा. तिने पुष्कळ ठिकाणी जुन्याच रेल्वेमार्गांचा उपयोग करून घेतला, आणि भोवतालच्या वस्त्या पेठेशी जोडल्या. सरे स्ट्रीटच्या बाजाराने तर कोणाच्याच आराखड्याची वाट पाहिली नाही.

ही दृष्टी आपल्याकडे नवी आहे काय? मुळीच नाही. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश पंडिताने तीच दृष्टी हिंदुस्थानात फिरून शिकविली. गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. नगररचनेतही रोगनिदान आधी आणि शस्त्रक्रिया मागाहून, व तीही लागेल तेवढीच, असा त्यांचा दंडक होता. गावातील प्रत्येक गल्ली ते पायी हिंडून पाहत. पडके घर काढावे, मोकळ्या झालेल्या जागी झाड लावावे, चांगली घरे राखून रस्ता थोडा वळवून न्यावा, असा त्यांचा मार्ग होता. तंजावर येथे १९१५ साली त्यांनी दाखवून दिले की, नगरपालिकेच्या सरळ रस्त्याला तीस हजार रुपये लागतात, तर त्यांच्या पद्धतीने तेच कार्य पाच हजारांत होते. कारण सरळ रस्त्याचा बहुतेक पैसा घरे विकत घेऊन पाडण्यातच खर्ची पडत असे.

बडोद्यासाठी त्यांनी १९१६ साली, व इंदूर दरबारासाठी १९१८ साली दोन खंडांत अहवाल लिहिला. इंदुरास त्या वेळी प्लेगाचा जोर होता. त्यांच्या चरित्रात सांगितलेली एक हकीकत मोठी मार्मिक आहे. दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे त्यांनी मागून घेतली आणि जाहीर केले की, ठरलेल्या जुन्या वाटेने मिरवणूक जाणार नाही. ज्या गल्लीतील अधिकात अधिक घरे झाडूनपुसून दुरुस्त झालेली असतील, त्या गल्लीने ती जाईल! सारे गाव कामाला लागले. गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराचे अवाढव्य सोंग होते. आणि नवे शुभ्र पोशाख घातलेले, फुलांचे हार घातलेले सफाई कामगारही त्यात मानाने चालत होते. गावाचे नूतनीकरण गावाच्या हातांनी होते, हे व्याख्यानापेक्षा या मिरवणुकीने लोकांना अधिक चांगले पटविले.

तात्पर्य, नूतनीकरण नको असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. गटारे तुंबलेली, जिने मोडकळीस आलेले, अशा जुनाटपणाचा अभिमान धरण्यात अर्थ नाही. परंतु नगरपालिका जेव्हा पेठेचा नवा नकाशा भिंतीवर लावील, तेव्हा नागरिकांनी रंगीत चित्रावर न भाळता चार प्रश्न अवश्य विचारावेत. ही योजना टप्प्याटप्प्याने होणार आहे की एकदमच? पहिला टप्पा होऊन पुढचे काम थांबले, तरी तो उपयोगी पडेल काय? काम होईपर्यंत आजच्या दुकानदाराने व भाडेकरूने कोठे जावे? आणि जे पाडावयाचे म्हणता, ते दुरुस्त करण्याचा खर्च कोणी मोजून पाहिला आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे देता आली, तर योजना खुशाल पुढे जावी. देता आली नाहीत, तर नकाशा तूर्त भिंतीवरच राहू द्यावा, आणि ज्या घराचे छप्पर या पावसाळ्यात गळणार आहे, ते आधी शाकारून घ्यावे.